बर्फाचे टायर

सुगंधा पालव गाडी चालवायला शिकली ती हौसेनं नाही. तोवर स्टिअरिंगला तिचा हात लागायचा तो दसऱ्याच्या दिवशी, हळदकुंकू लावण्यापुरता. गाडी निलेशची, तिच्या नवऱ्याची. असल्फ्याच्या टेकडीवरची आणि लिंक रोडच्या सोसायट्यांमधली मुलं तो आपल्या व्हॅनमधून शाळेत सोडायचा, दुपारी परत आणायचा. एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातून रेझर गळून पडलं, तोंड वाकडं झालं आणि उजवी बाजू गेली ती गेलीच.

मुलांच्या आयांनी काही दिवस वाट पाहिली. मग एकेकीचा फोन यायला लागला, "वहिनी, वाईट वाटतं हो, पण शाळा तर चालू आहे ना." निलेश खाटेवरून सगळं ऐकत होता. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहायचं. ते रडणं होतं की आजाराचा भाग, हे सुगंधाला शेवटपर्यंत कळलं नाही.

"व्हॅन बंद करायची नाही," ती एक दिवस म्हणाली. "मी चालवीन."

दीर हसला. शेजारणींनी पदराआड तोंड लपवलं. पण सुगंधाचे वडील, धाकू मेस्त्री, गिरणीतला माणूस. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी आठवडाभर छताकडे बघून काढला आणि आठव्या दिवशी एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले. असल्या घरातली पोर ती. शिकली. परवाना काढला, बॅज काढला. पहिल्या दिवशी सात पोरं मागे घेऊन टेकडीच्या उतारावरून खाली आली तेव्हा तिच्या ब्लाऊजची पाठ घामानं चिंब झाली होती.

पुढे हात बसला, पण धास्ती काही गेली नाही. सुगंधा गाडी हळू चालवायची. इतकी हळू की मागचे रिक्षावाले हॉर्न मारून थकायचे आणि शेवटी शिवी हासडून पुढे निघून जायचे. व्हॅनवाल्यांच्या ग्रुपमध्ये तिच्या गाडीला 'पालवकाकूंची बैलगाडी' म्हणायचे. तिला ते लागायचं नाही. उलट आवडायचं.

मुलांत श्रुतिका होती. दुसरीतली, दोन वेण्या, सतत बडबड. मागे बसली की तिला मळमळायचं. दोनदा तिनं डबा ओकून टाकला, तेव्हा सुगंधानंच तिला पुढे, आपल्या शेजारी आणून बसवलं. पट्टा लावून द्यायची, काच थोडी खाली करायची. श्रुतिकाच्या आईनं, अक्षतानं, हात जोडले होते. "काकू, तुमचे उपकार आहेत हो. रोज सकाळी रडायची ती." पुढची सीट मग श्रुतिकाचीच झाली. दुसरं कुणी बसलं तर ती भांडायची.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत सुगंधानं टायर बदलायला काढले. जुने अगदी टकले झाले होते, आणि पावसाळ्यात टकल्या टायरवर पोरं न्यायची नाहीत, हा निलेशचा नियम. पैशाची ओढाताण होती. नवे चार घ्यायची ऐपत नव्हती. कुणीतरी कुर्ल्याच्या बाजूला एक गाळा सांगितला. परदेशी गाड्यांचे उतरवलेले टायर तिथं मिळत. गाळेवाल्यानं तिला रास दाखवली.

"मॅडम, जपानचा माल. तिकडचे लोक वर्ष-दोन वर्षांत टायर काढून टाकतात. नक्षी बघा कशी खोल आहे. आपल्या नव्या टायरला नसते एवढी."

आणि खरंच, नक्षी खोल होती. बोटाचं पेर आत जाईल इतकी. ठोकळ्याठोकळ्यांवर केसांसारख्या बारीक नागमोडी चिरा, जशी काही कुणी ब्लेडनं कलाकुसर केली आहे. बाजूला परकी अक्षरं, आणि एका ठिकाणी डोंगराच्या आत फुलासारखं काहीतरी कोरलेलं. तिला वाटलं, कंपनीचा शिक्का असेल. ती नखानं रबर दाबून बघत होती. मऊ लागलं. मऊ म्हणजे ताजं, असं तिला वाटलं.

गाडी चालवली तर काय चालली! आवाज नाही, दणके नाहीत. खड्ड्यातून जाताना पोटातलं पाणी हलत नव्हतं. फक्त दुपारच्या उन्हात वळण घेताना गाडी जराशी डुलल्यासारखी वाटायची, गादीवर उभं राहिल्यावर वाटतं तशी. चालायचंच, नवीन टायर आहेत, बसतील, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

जूनमध्ये शाळेच्या गेटवर तिला सपना भेटली. सपना भटवाडीची, तिच्यानंतर वर्षभरानं व्हॅन चालवायला लागलेली. दोघी गेटवर एकमेकींचा चहा वाटून घ्यायच्या. सपनाचेही टायर गेले होते.

"कुर्ल्याला जा," सुगंधा म्हणाली. "माझं नाव सांग. झकास टायर आहेत गं, मखमल."

सपना गेली आणि त्याच राशीतले चार टायर घेऊन आली.

जुलैमधली ती दुपार. शाळा सुटली तेव्हा पाऊस नेहमीचाच होता, फार मोठा नाही. सुगंधा लिंक रोडवरून असल्फ्याकडे येत होती. पुढे उतार, वर मेट्रोचा पूल, मधोमध मेट्रोचे खांब. श्रुतिका तिला वर्गातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाची गोष्ट सांगत होती. मागे निहार नावाचा एक मुलगा खिडकीच्या वाफेवर बोटानं मासा काढत होता. पुढची रिक्षा थांबली. सुगंधानं तिला लांबूनच पाहिलं, आणि नेहमीसारखा लवकर, आरामात ब्रेक दाबला.

चाकं थांबली. गाडी थांबली नाही.

तिला पुढे कितीदा तरी आठवलं ते हेच. कसलाही कर्कश आवाज आला नाही. साबणाची वडी ओल्या लादीवरून सुटावी तशी गाडी निघाली. तिनं ब्रेक आणखी दाबला. काही नाही. रिक्षात घुसू नये म्हणून स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. क्षणभर तेही पोकळ लागलं, आणि मग गाडी एकदम फिरली. मधल्या कठड्यावर चढून डाव्या अंगानं मेट्रोच्या खांबाच्या सिमेंटवर आदळली.

डावं अंग. श्रुतिकाचं अंग.

मागच्या पोरांना खरचटलं, एकाचा ओठ फाटला. श्रुतिका ओरडली नाही. तिचा पाय पुढच्या चेमटलेल्या पत्र्यात मांडीपर्यंत अडकला होता, आणि ती सुगंधाकडे बघत होती, काकू आता काहीतरी करतील अशा नजरेनं. रिक्षावाल्यांनी पहारीनं पत्रा वाकवला. कुणीतरी पोरांना कडेवर घेऊन पुलाखाली नेलं. सुगंधा श्रुतिकाचं डोकं छातीशी धरून बसली होती आणि तिच्या तोंडातून एकच वाक्य निघत होतं, "मी हळू होते रे. मी हळू होते."

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, गुडघ्यालगतचंही. डॉक्टर म्हणाले, हाडाला धातूच्या पट्ट्या टाकल्यात, पण वाढीच्या जागेला मार लागलाय. हा पाय दुसऱ्याइतका वाढेल की नाही, ते आत्ता सांगता येत नाही. दवाखान्याच्या जिन्यात अक्षता समोर आली तेव्हा सुगंधानं खाली वाकून तिचे पाय धरायला हात पुढे केले. अक्षता मागे सरली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी निलेश जागा होता. आजारानंतर त्याची मुंबईची मराठी पार गळून गेली होती. जीभ वळायची ती गावच्या मालवणीतच.

"चेडू... बरां आसा मां?" त्यानं कष्टानं विचारलं.

"पाय मोडला तिचा," सुगंधा म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

पोलिसांनी व्हॅन चौकीच्या आवारात नेऊन उभी केली. तपासणीला माणूस आला. त्यानं ब्रेक पाहिले, ठीक. स्टिअरिंग ठीक. टायरची खाच मापली, उत्तम. गाडीत काही दोष नाही म्हटल्यावर दोष राहिला एकाच जागी. वेगात, बेफिकीरपणे गाडी चालवली, असा तिच्यावर गुन्हा लागला. पालकांच्या ग्रुपवर रात्रंदिवस तेच चाललं होतं. 'बाई माणसाच्या हातात व्हॅन दिलीच का?' 'फोनवर बोलत असणार.' ज्यांनी कधीकाळी बैलगाडी म्हणून चिडवलं होतं, तेच व्हॅनवाले आता आपल्या ग्रुपवर लिहीत होते, 'नेहमीच रॅश चालवायची.'

व्हॅनवाल्यांच्या संघटनेत बाळकाका म्हणून एक जुना माणूस होता. त्याचा शब्द सगळे ऐकत. तो घरी आला, निलेशच्या खाटेशी बसला.

"हे बघ सुगंधा. कुत्रं आडवं आलं म्हणून सांग. कुत्र्याला वाचवायला गेले आणि गाडी घसरली. पावसात होतं असं. मी दोन माणसं उभी करतो बघितलं म्हणणारी."

"पण कुत्रं नव्हतं हो काका."

"मग काय होतं?"

हेच तिला आतून कुरतडत होतं. काय होतं? आपण हळू होतो. आपण वेळेत ब्रेक दाबला. की नव्हता दाबला? सगळं जग एक सांगत असेल तर आपल्या एकटीची आठवण खरी कशावरून? ती बसल्या जागी उजवा पाय जमिनीवर दाबून बघायची. भात लावताना, निलेशला पुसून काढताना, मध्येच पाय दाबायची. निलेश बघत राहायचा.

चौकीत तिला जामिनाच्या सहीला जावं लागे. अशाच एका दुपारी आवारात एक बाई छत्री घेऊन व्हॅनपाशी उभी दिसली. निहारची आई, इरावती. निहारचं दप्तर गाडीतच राहिलं होतं, ते न्यायला आली होती. सुगंधाची पावलं अडखळली. पण इरावती दप्तर बाजूला ठेवून चाकाशी उकिडवी बसली होती आणि टायरवरून बोट फिरवत होती.

"काकू, हे टायर कुठून घेतले?"

"कुर्ल्याहून. जपानचे आहेत. का?"

इरावतीनं वर पाहिलं. "हे बर्फाचे टायर आहेत."

सुगंधाला काही समजलं नाही. "बर्फाचे म्हणजे?"

"आम्ही कॅनडात होतो ना, निहार झाला तेव्हा. तिथं थंडी आली की हे लावावे लागतात. हे बघा." तिनं त्या डोंगरावर बोट ठेवलं. "हे फूल नाही. बर्फाचा कण आहे हा. ही खूण असली की समजायचं, हिवाळ्याचा टायर."

सुगंधा तिच्या शेजारी चिखलातच बसली. पाऊस दोघींच्या पाठीवर पडत होता.

"मग वाईट असतात का हे?"

"वाईट?" इरावतीनं मान हलवली. "बर्फात यांना तोड नाही. पहिल्या हिवाळ्यात आम्ही साध्या टायरवरच राहिलो. सकाळी घरासमोरून गाडी हलेना, चाकं जागच्या जागी फिरायची. कडाक्याच्या थंडीत साधं रबर लाकडासारखं होतं. हे मऊ राहतं. आणि या बारीक चिरा आहेत ना, त्या बर्फात रुततात, बर्फ आत दाबून धरतात. बर्फाला बर्फच पकडतो. हे लावले आणि गाडी अशी चढावर गेली, की मला रडू आलं."

"आणि बर्फ वितळल्यावर?"

"रस्त्यावर मीठ टाकतात, मग सगळा राडा होतो. राखाडी, पाणचट, घोट्याएवढा. त्यात गाडी थोडी डळमळते, पण या खोल खाचा तो राडा बाजूला फेकतात. धरून ठेवतात."

सुगंधानं विचारलं, "पावसात?"

इरावती म्हणाली, "थंडीतला पाऊस असेल तर चालतं. पण ऊन पडायला लागलं की आम्ही हे काढून ठेवायचो. काढावेच लागायचे. गरम रस्त्यावर हे रबर फारच मऊ पडतं. ब्रेक दाबला की हे ठोकळे वाकतात, पकडतच नाहीत. त्यात रस्ता ओला असला तर गाडी किती लांब जाईल याचा नेम नाही. आणि इथं तर पावसातसुद्धा रस्ता कोमटच असतो ना, काकू."

साबणाची वडी. पोकळ स्टिअरिंग. उन्हातलं ते डुलणं. सुगंधाला सगळं एकदम दिसलं. पहिल्यांदा जे वाटलं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही: मोकळं वाटलं. आपण हळू होतो. आपल्या पायानं दगा दिला नव्हता. तिला वाटलं आता धावत जावं आणि जो दिसेल त्याला हे ओरडून सांगावं.

आणि मग तिला सपना आठवली.

तीच रास. तेच चार टायर. आपणच पाठवलं तिला. आत्ता शाळा सुटायची वेळ होत आली होती, आणि पाऊस चांगलाच धरला होता. सपना भटवाडीचा उतार उतरणार होती, पोरं घेऊन.

तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. अपघातानंतर ग्रुपमधलं कुणीच तिचा फोन घेत नव्हतं, सपनाही नाही. ती चौकीतून तशीच निघाली. रिक्षा मिळाली, पण एलबीएस रोडवर पाणी तुंबलं होतं. रिक्षा जागची हलेना. ती उतरली आणि पळायला लागली. साडीचा काठ पायात येत होता, चप्पल एका ठिकाणी चिखलात रुतली ती तिथंच राहिली.

शाळेच्या गेटवर सपनाची व्हॅन उभी होती. सपना दार उघडून सीट पुसत होती.

"सपना, ही गाडी काढू नकोस. हे टायर बर्फाचे आहेत."

सपनानं तिच्याकडे पाहिलं. एका पायात चप्पल, केस तोंडावर, धापा टाकणारी बाई. "काय बोलतेस?"

"बर्फाचे! तिकडच्या देशातले. पावसात धरत नाहीत. माझी गाडी यांनीच घसरली. मी हळू होते गं, देवाशप्पथ हळू होते."

"सुगंधा, घरी जा." सपनाचा आवाज खाली आला, पण मऊ झाला नाही. "महिना झाला मी चालवतेय. मला काही झालं नाही. तुझी वाट लागली, मला वाईट वाटतं. पण आता तुझं खापर टायरवर फोडायला माझं गिऱ्हाईक तोडू नकोस. पालक ऐकतायत."

"आज रिक्षानं पाठव पोरांना. फक्त आज. मी पाया पडते तुझ्या."

"सोड हात."

घंटा झाली. सपना पोरांना आणायला आत गेली.

सुगंधा गाडीपाशी एकटी राहिली. आजूबाजूला छत्र्या, रेनकोट, आया. तिला वाटलं, गाडीपुढे आडवं पडावं. पण लोक उचलून बाजूला करतील आणि गाडी जाईल. तिला निलेश आठवला, धडधाकट असतानाचा, घामेजलेला, चाकाशी बसून म्हणणारा, स्टेपनी एकच असते. दोन चाकं बसली की गाडी म्हणजे नुसता पत्रा.

ती खाली बसली. मागच्या चाकाच्या हवेच्या नळीचं टोपण तिनं काढलं, केसातला आकडा उपसला आणि आतल्या पिनेवर दाबून धरला. फुस्स करून हवा तिच्या मनगटावर यायला लागली. इतका वेळ लागतो याचा तिला अंदाज नव्हता. आकडा वाकला. तिनं दुसरा काढला. चाक हळूहळू खचत होतं, आणि तिच्या तोंडून आपोआप "बस, बस, बस" असं निघत होतं, रडणाऱ्या पोराला थोपटावं तसं. एक बसलं. ती गुडघ्यांवर सरकत पुढच्या चाकाकडे गेली.

"ओ बाई! काय करताय?" कुणीतरी ओरडलं.

"हीच ती! त्या दिवशीची!"

शाळेच्या वॉचमननं तिचा दंड धरून ओढलं. तिनं दुसरा हात नळीवरून काढला नाही. कुणी फोन वर धरून शूटिंग करत होतं. पोरांना घेऊन बाहेर आलेली सपना धावत आली, तिनं बसलेलं चाक पाहिलं, बसत आलेलं चाक पाहिलं, आणि सगळ्यांदेखत सुगंधाच्या थोबाडीत मारली.

"माझं पोट आहे यावर! तुझं बुडालं म्हणून माझंपण बुडवणार?"

सुगंधानं गालाला हातही लावला नाही. ती चाकाकडे बघत होती. रिम रस्त्याला टेकलं, तेव्हा तिनं आकडा सोडला.

पोरं रिक्षांनी घरी गेली. सुगंधाला पुन्हा चौकीत नेलं. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ असल्फ्यापासून भटवाडीपर्यंत सगळ्यांच्या फोनवर होता. वेडी झाली, लोक म्हणाले. आपल्यासारखं दुसरीचं व्हावं म्हणून जळली, असंही म्हणाले. सपनाच्या गाडीला त्या दिवशी काही झालं असतं का, हे कुणालाच कधी कळणार नव्हतं. जे घडलंच नाही ते दाखवायचं कुठं?

दोन-तीन दिवसांनी सकाळी सुगंधाचा फोन वाजला. सपना होती. मागे पावसाचा आवाज येत होता.

"बोल ना गं," सुगंधा म्हणाली.

"रविवार म्हणून गाडी रिकामी घेऊन गेले," सपना म्हणाली. "मागच्या बाजूचा तो रस्ता आहे ना, गोडाऊनचा. कुणी नव्हतं. नेहमीसारखी चालवली आणि एकदम ब्रेक मारला. थांबेचना गं. गेटपर्यंत गेली. गेटला टेकली."

दोघी फोनवर रडल्या. सपनानं माफी मागितली नाही, सुगंधानं मागूही दिली नसती. सपनानं टायर उतरवले आणि गाडी तशीच विटांवर ठेवली. नवे कधी येणार हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिची पोरं दुसऱ्या व्हॅनकडे गेली.

सुगंधानं जबाबात सगळं सांगायचं ठरवलं. बाळकाका संतापला. "तुला कळतं का तू काय करतेयस? पोरांच्या गाडीला जुने भंगार टायर लावले म्हणून स्वतः सांगणार? अगं कुत्र्यावर सुटली असतीस. आता उद्या सगळ्यांच्या गाड्या उलट्यापालट्या करून बघतील. आमच्यापण पोटावर पाय."

चौकीतल्या साहेबांनीही पेन खाली ठेवून विचारलं, "बाई, विचार केलाय ना? यानं तुमचाच पाय खोलात जाईल."

"लिहा," ती म्हणाली. "कुर्ल्याला अजून रास पडलीय."

कुर्ल्याच्या गाळेवाल्यानं तिला ओळखलंच नाही. असले टायर मी कधी ठेवलेच नाहीत, म्हणाला, आणि खरोखरच तेव्हा तिथं फक्त ट्रकचे टायर होते. तिचा परवाना गेला. केस उभी राहिली. सकाळी ती दोन घरी पोळ्या करायला जाऊ लागली, घाटकोपर पूर्वेला, जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. एका घरात मात्र कुणीतरी व्हिडिओ पाहिला होता. तिथलं काम चौथ्या दिवशी सुटलं. निलेश पुन्हा पुन्हा विचारायचा, "गाडी... खंय?" आणि ती सांगायची, "येतली, दुरुस्तीक दिलंय."

गणपतीच्या आधी एका दुपारी ती श्रुतिकाच्या सोसायटीत गेली. वर जायचं धाडस होईपर्यंत जिन्यात बराच वेळ उभी राहिली. दार अक्षतानंच उघडलं. जाळीचं बाहेरचं दार तिनं उघडलं नाही.

"मी काही मागायला आले नाही," सुगंधा म्हणाली. "फक्त सांगायला आले. मी वेगात नव्हते, अक्षता. ते टायर बर्फाचे होते."

"वाचलं मी. इरावतीनं सगळं लिहिलं होतं ग्रुपवर." अक्षता जाळीतून तिच्याकडे बघत होती. डोळ्यांखाली काळं झालेलं. "बर्फाचे. माझ्या मुलीनं बर्फ बघितलाय तो फ्रिजमधला." मग तिनं विचारलं, "बघितले नव्हते का तुम्ही, घेताना?"

"बघितले होते. खूप चांगले दिसत होते."

अक्षतानं डोळे मिटले. आतून आवाज येत होता. वॉकर पुढे टेकवल्याचा, मग थांबण्याचा, मग एक पाय ओढत पुढे आणल्याचा. कुणीतरी बाई आत समजावत होती, "अजून एकदा, राणी, भिंतीपर्यंत." आणि श्रुतिकाचा चिडका आवाज, "नाही होत! दुखतंय म्हटलं ना!"

सुगंधाचा हात नकळत जाळीवर गेला.

"कोण आलंय, आई?" श्रुतिकानं आतून विचारलं.

अक्षतानं सुगंधाच्या बोटांकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. "तुम्ही तिला माझ्या सांगण्यावरून पुढे बसवलं होतं का, की तुमच्या मनानं, ते मला आठवत नाही," ती हळूच म्हणाली. "रोज आठवून बघते."

"माझ्या मनानं," सुगंधा म्हणाली.

अक्षतानं मान हलवली, आणि सावकाश, आवाज न करता, आतलं दार लावून घेतलं. सुगंधा जाळीला धरून उभी राहिली. आत वॉकर पुन्हा टेकला. ती पुढच्या पावलाच्या आवाजाची वाट बघत राहिली.